पिंगळ्याची साक्ष

‘हातच्या काकणाला आरसा कशाला?’ असे आपण सहज म्हणून जातो. जे डोळ्यांना दिसते त्याला आणखी पुरावा तो काय मागावयाचा, असा त्या म्हणीतला भाव. आपल्या न्यायशास्त्रानेही प्रत्यक्षाला पहिले प्रमाण मानले आहे. अनुमान, उपमान आणि शब्द हे त्याच्या मागून येतात. पण काकण आपल्याच हातात असते तोवर हे ठीक. ते दुसऱ्याच्या हातात असेल, तो हात दूरच्या दलदलीत असेल आणि तोही जेमतेम चार सेकंद दिसलेला असेल, तर? मग आरसा लागतो, भिंग लागते. आणि भिंग मागणाऱ्यावर लोक रागावतात, हेही ओघानेच येते.

मी मराठीचा अध्यापक. पक्ष्यांचे शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण गेली काही वर्षे एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. जो पक्षी जगातून नाहीसा झाला असे मानतात तो पुन्हा ‘दिसला’ अशी वार्ता येते, तेव्हा शास्त्रज्ञ त्या वार्तेचे काय करतात? मिळेल ते वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या पोथीतली एखादी ओवी अस्सल की प्रक्षिप्त हे ठरवताना आम्ही जे करतो, तेच ही मंडळी करतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शंका घेणारा माणूस हा त्या पक्ष्याचा वैरी, अशी जी सर्वसाधारण समजूत असते ती साफ चुकीची आहे. ह्या दुसऱ्या गोष्टीची साक्ष द्यायला आपल्याच खानदेशातला एक पिंगळा पुढे येतो. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी थोडे पानिपताकडे आणि थोडे अमेरिकेकडे वळले पाहिजे.

मनी वसे ते डोळ्यांना दिसे

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडले ह्याविषयी सर्वांची खात्री कधीच पटली नाही. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत स्वतःला विधवा मानले नाही. भाऊ कुठे तरी आहेत, एक ना एक दिवस येतील, ही आशा एका घरापुरती नव्हती. ती साऱ्या महाराष्ट्राची होती. आणि मग भाऊसाहेब म्हणवणारा एक जण खरोखरच प्रकट झाला. त्याच्याभोवती माणसे जमली, कोकणात धामधूम उडाली आणि शेवटी १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ ह्या नाटकामुळे ही कथा मराठी वाचकाला चांगली ठाऊक आहे.

ह्या प्रकरणात मला तोतयापेक्षा त्याला ‘ओळखणाऱ्या’ माणसांचे कुतूहल अधिक वाटते. ती सारी लबाड नव्हती. ज्यांनी खऱ्या भाऊंना पाहिले होते अशांपैकीही काही जण बुचकळ्यात पडले. डोळ्यांनी एक चेहरा पाहिला; पंधरा वर्षांच्या आशेने त्या चेहऱ्यात उरलेले भाऊ भरून काढले. माणसाचे डोळे नुसते पाहत नाहीत, ते वाचतात. आणि अक्षर पुसट असेल तर मनात जो शब्द असतो तोच वाचला जातो. मुद्रितशोधन करणाऱ्या कोणालाही हे विचारून पाहावे. छापलेले अक्षर नजरेसमोर असते आणि नजर मात्र अपेक्षित अक्षर वाचून पुढे जाते!

चार सेकंदांचे चित्र

अमेरिकेच्या आग्नेय भागात नदीकाठच्या पाण्यात उभी असलेली जुनी अरण्ये होती. त्यांत एक भला मोठा सुतार पक्षी राहत असे. लांबी सुमारे वीस इंच, अंग काळे-पांढरे, नराच्या डोक्यावर लालभडक तुरा आणि चोच हस्तिदंतासारखी. त्या चोचीवरूनच त्याचे नाव पडले. साधी माणसे त्याला ‘लॉर्ड गॉड बर्ड’ म्हणत. म्हणजे जो पाहील त्याच्या तोंडून ‘अरे देवा!’ असे निघावे, असा तो पक्षी.

लाकडाच्या व्यापाराने ती अरण्ये संपवली. अगदी शेवटच्या काळात लुइझियानातील एका जंगलात काही पक्षी तग धरून होते. हे जंगल शिवणयंत्रे करणाऱ्या सिंगर कंपनीच्या मालकीचे. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ह्या सुताराचा आवाज मुद्रित केला, चलत्‌चित्रे घेतली. पुढे जेम्स टॅनर ह्यांनी १९३७ ते १९३९ अशी तीन वर्षे त्याचा अभ्यास केला. पण लाकूडतोड थांबली नाही. एप्रिल १९४४ मध्ये डॉन एकेलबेरी नावाच्या चित्रकाराने तोडलेल्या रानात उरलेल्या एकट्या मादीची चित्रे काढली. सर्वांना मान्य असलेले अमेरिकेतील ते अखेरचे दर्शन.

दर्शनाच्या वार्ता मात्र थांबल्या नाहीत. १९७१ मध्ये जॉर्ज लाउरी ह्या नामवंत पक्षिशास्त्रज्ञांनी आपल्या सहव्यवसायी मंडळींपुढे दोन छायाचित्रे ठेवली. ती दुसऱ्या कोणी तरी घेतलेली होती. पक्षी तोच दिसत होता, पण दोन वेगवेगळ्या झाडांवर त्याची बसण्याची ढब एकसारखी! पेंढा भरलेला पक्षी खोडाला टांगला असावा, अशी कुजबुज झाली आणि लाउरींसारख्या माणसाला मान खाली घालावी लागली. १९९९ मध्ये लुइझियानातच वनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने नर-मादीची जोडी पाहिल्याचे सांगितले. त्याचे वर्णन इतके बारकाईचे होते की २००२ मध्ये जाणकारांची तुकडी महिनाभर त्या दलदलीत फिरली. ह्या सुताराची खूण म्हणजे झाडावर लागोपाठ दोन ठोके. एका दुपारी तसे ठोके ऐकू आले आणि ऐकणाऱ्यांची छाती धडधडू लागली. पण रानात ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांवरील आवाज कॉर्नेलमध्ये तपासला, तेव्हा ते दूरवरच्या बंदुकीचे बार निघाले.

मग आले २००४ साल. फेब्रुवारीत आर्कान्सा राज्यातील दलदलीत होडीतून फिरणाऱ्या एका हौशी माणसाला मोठा सुतार दिसला. ती वार्ता ऐकून दोन अनुभवी शोधक त्याच्याबरोबर गेले आणि त्यांनाही पक्षी दिसला. २५ एप्रिलला होडीवर लावलेल्या कॅमेऱ्यात उडून जाणारा एक पक्षी सापडला. अवघे चार सेकंद, तेही पुसट. वर्षभर गुप्तता पाळून २८ एप्रिल २००५ रोजी घोषणा झाली आणि ‘सायन्स’ ह्या मान्यवर नियतकालिकात निबंध आला. सरकारने एक कोटी डॉलरहून अधिक रकमेचा वायदा केला. जवळच्या ब्रिंक्ली गावात सुताराच्या तुऱ्यासारखे केस कापून मिळू लागले! साठ वर्षांपूर्वी गेलेला पाहुणा परत आला होता; आनंदाने डोळे भरून आलेल्या माणसांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

शंका घेणारे कोण होते?

हा आनंद चालू असताना काही जणांनी ते चार सेकंद पुन्हा पुन्हा, एकेक चित्र थांबवून पाहिले. प्रश्न असा होता: त्याच रानात पायलिएटेड नावाचा दुसरा एक मोठा सुतार भरपूर आढळतो. तोही काळा-पांढरा, तोही लाल तुऱ्याचा. हस्तिदंती चोचीच्या सुताराच्या पंखाची मागची कड पांढरी असते. पायलिएटेडची ती कड काळी, पण पंखाची आतली बाजू पुष्कळशी पांढरी. आता पंख जोराने वरखाली होत असताना, कॅमेरा नीट जुळवलेला नसताना, जे पांढरे दिसले ते मागच्या कडेचे की आतल्या बाजूचे? घोषणा करणाऱ्यांनी कडेचे म्हटले. २००६ मध्ये डेव्हिड सिबली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच ‘सायन्स’मध्ये उत्तर दिले, की हे सारे पायलिएटेड सुतारालाही लागू पडते.

त्याच वर्षी जेरोम जॅक्सन ह्यांनी अधिक कडक भाषा वापरली. हे श्रद्धेच्या आधारावर उभे केलेले पक्षिशास्त्र आहे, अशा अर्थाचे ते बोलले. आणि हा पैसा इतर संकटात सापडलेल्या जीवांच्या वाट्यातून जातो आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. लोकांनी त्यांना आनंदावर विरजण घालणारा माणूस ठरवले.

पण हे जॅक्सन कोण? ह्याच सुताराच्या शोधात ज्याने दक्षिणेकडील दलदली वर्षानुवर्षे तुडवल्या, तो हा माणूस. १९८७ मध्ये मिसिसिपीतील व्हिक्सबर्गजवळच्या रानात ते जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज ऐकवीत असता समोरून तसाच आवाज आला आणि काही मिनिटे येत राहिला. पक्षी मात्र नजरेला पडला नाही. ज्याने आयुष्य घातले त्याने कानांनी ऐकले. तरी ‘मी ऐकले, म्हणून पक्षी आहे’ असे जाहीर करून तो मोकळा झाला नाही. जी फूटपट्टी त्याने दुसऱ्याला लावली ती आधी स्वतःला लावून पाहिलेली होती. शंका घेण्याचा अधिकार येतो तो असा.

पुढे चार-पाच वर्षे माणसे, यंत्रे आणि पैसा लावून शोध झाला. वादातीत असे एकही छायाचित्र मिळाले नाही. अमेरिकन सरकारने २०२१ मध्ये हा पक्षी नष्ट झाल्याचे जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला. २०२३ मध्ये प्रस्तावातील एकवीस जाती नष्ट म्हणून यादीतून काढल्या, पण ह्या सुताराचा निर्णय मात्र राखून ठेवला. त्याच वर्षी लुइझियानातील अस्पष्ट चित्रांच्या आधारे तो जिवंत असल्याचा आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला होता. पुन्हा पुसट चित्रे, पुन्हा तोच वाद.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘शंका घेणाऱ्यांनी आनंद घालवला, पण मिळवून काय दिले?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकेच्या दलदलीत नाही. ते सातपुड्याच्या पायथ्याशी आहे.

खोटी चिठ्ठी, खरा पिंगळा

पिंगळा आपल्या ओळखीचा. पहाटे कुडमुडे वाजवीत येणारा आणि पिंगळ्याची भाषा कळते असे सांगून भविष्य वर्तवणारा पिंगळा जोशी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ह्या लहानग्या घुबडाचे वेगळे वर्णन नको. वाड्याच्या पडक्या भिंतीत, आंब्याच्या ढोलीत त्याचे बिऱ्हाड. अंगावर, डोक्यावर पांढरे ठिपके. ह्याचाच एक रानातला भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. त्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छातीवर गडद पट्टा, पोट पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. आणि विशेष म्हणजे हे महाशय दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसतात.

१८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट ह्यांना हे घुबड मिळाले. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी नवी जात म्हणून त्याचे वर्णन केले आणि ब्लेविटचे नाव त्याला दिले. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. त्यानंतर आजच्या ओडिशातील खरियारकडे एक नमुना मिळाला. १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत खानदेशात मुलकी अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन ह्यांनी तळोदे-शहादे भागात आणखी काही मिळवले. कातड्यात कापूस भरलेले असे सारे मिळून सात नमुने जगातल्या संग्रहालयांत होते. त्यानंतर पक्षी जणू गडप झाला.

अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, तापीकाठ, १९१४. गुजरातेतली ही मांडवी. विसाव्या शतकातली ही एकुलती एक नोंद. म्हणून शोधकांनी साहजिकच तिच्यावर भिस्त ठेवली. सालिम अली आणि डिलन रिप्ले ह्यांच्यासारख्या जाणत्यांच्या हातीही काही लागले नाही. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून जी छायाचित्रे पुढे आली, ती साध्या पिंगळ्याची निघाली.

कर्नलसाहेबांचा दबदबा मोठा. त्यांच्या वीसेक हजार पक्ष्यांचा संग्रह १९५४ मध्ये लंडनच्या संग्रहालयाला मिळालेला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? पण १९९३ मध्ये ॲलन नॉक्स ह्यांनी त्या संग्रहातले काही नमुने चोरीचे आणि खोट्या चिठ्ठ्यांचे असल्याचे दाखवून दिले. पुढे पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथासाठी जुने नमुने तपासत होत्या. त्यांनी आणि नायजेल कोलर ह्यांनी तो मांडवीचा पिंगळा हाती घेतला. क्ष-किरणांनी आतले पाहिले, शिवण पाहिली, कापूस पाहिला. जसे प्रत्येक लेखनिकाचे वळण वेगळे, तसे नमुना तयार करणाऱ्या प्रत्येकाचा हातही वेगळा असतो. ह्या पिंगळ्याला दोनदा भरल्याच्या खुणा होत्या, आणि आतल्या पहिल्या खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या! म्हणजे १८८० च्या सुमारास खानदेशात मिळालेला पक्षी संग्रहालयातून चोरून, उसवून, नव्याने भरून, त्याला मांडवीची चिठ्ठी बांधलेली होती.

एक नोंद खोटी ठरली. वरवर पाहता पक्षी आणखीच दूर गेला. शेवटचे दर्शन १९१४ वरून एकदम तीस वर्षे मागे, १८८४ वर आले. निराश होण्यासारखीच गोष्ट. पण रासमुसेनबाईंनी त्यातून उलटा धडा घेतला. मांडवी खोटी, तर मांडवीच्या भरवशावर केलेला शोधही चुकीच्या जागचा. ज्या जागा खरोखर खऱ्या आहेत, तेथे नीट पाहिलेच कोणी? पक्षी नाही असे म्हणायला तरी आधार काय?

१९९७ च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ह्या दोघांसह त्या भारतात आल्या. पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, काही नाही. मग खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानात, एका निष्पर्ण फांदीवर किंग ह्यांना एक लहान घुबड दिसले. रासमुसेनबाईंनी दुर्बीण लावली. माथ्यावर ठिपके? नाहीत. छातीवर पट्टा? आहे. पाय? पांढऱ्या पिसांचे, दणकट. एकेक खूण पडताळली, चलत्‌चित्र घेतले, छायाचित्रे घेतली. पक्षी उन्हात शांत बसून होता. एकशे तेरा वर्षांनी हा साक्षीदार पिंजऱ्यात नव्हे, फांदीवर उभा राहिला आणि उलटतपासणीत कोठेही डगमगला नाही.

ह्या दर्शनावर कोणीही वाद घातला नाही. का? पाहणारे मोठे होते म्हणून नव्हे. पुरावा असा होता की ज्याने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आणि मागाहून कोणीही शहाद्याला जाऊन पुन्हा पाहू शकत होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी ह्यांनी पुढे त्याचा अभ्यास केला. तोरणमाळ, मेळघाट येथे तो आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या रानात तो दिसला. नंतर गुजरातच्या डांगातही त्याची नोंद झाली. म्हणून कर्नलची चिठ्ठी खरी ठरत नाही. खोट्या दस्तऐवजातला मजकूर योगायोगाने खऱ्याच्या जवळ गेला, तरी दस्तऐवज खोटाच.

ह्या कथेत पक्षी सापडला तो श्रद्धेने नव्हे आणि नुसत्या नशिबानेही नव्हे. एका प्रतिष्ठित माणसाच्या चिठ्ठीवर शंका घेतल्यामुळे शोधाची वाट सरळ झाली. शंकेनेच तो पिंगळा आपल्याला परत दिला.

रोमिओची चूक

शंकेची धार मात्र दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. ‘दिसला’ म्हणणाऱ्याला पुरावा मागावयाचा आणि ‘संपला’ म्हणणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावयाचा, ह्याला शास्त्र म्हणत नाहीत. ज्या कोलर ह्यांनी कर्नलची चोरी उघडकीस आणली, त्यांनीच ह्या दुसऱ्या चुकीला सुंदर नाव दिले आहे: रोमिओची चूक. ज्युलिएट मेली असे समजून रोमिओने विष घेतले. ती तर झोपलेली होती. फिलिपाइन्समधील सेबू बेटावर एक चिमुकला फूलटोच्या होता. बेटावरचे रान जवळजवळ सारे तुटले, तेव्हा तो नष्ट झाला असे सर्वांनी धरून चालले. मग उरलेले रान राखायचे कोणासाठी? १९९२ मध्ये रानाच्या एका तुकड्यात तो जिवंत सापडला. मधल्या वर्षांत जे रान गेले ते गेलेच.

म्हणूनच निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय यादीचा नियम असा आहे, की शेवटचा प्राणी मेला ह्याविषयी वाजवी शंका उरली नसेल तरच ती जात नष्ट म्हणावी. आपले गुलाबी डोक्याचे बदक ह्याच कारणाने अजून ‘बहुधा नष्ट’च्या उंबरठ्यावर आहे. बिहार-बंगालच्या पाणथळीतल्या ह्या बदकाची गेल्या सत्तर वर्षांत निर्विवाद नोंद नाही. अधूनमधून म्यानमारकडून वार्ता येतात, शोधपथके जातात, रिकाम्या हातांनी परततात. तांबूस डोक्याचे दुसरे एक बदक लांबून पाहिले की घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. तरीही दार लावून घेतलेले नाही.

‘म्हणजे मी खोटं बोलतो का?’

आमच्या महाविद्यालयात नंदुरबारकडचा एक विद्यार्थी होता. सुट्टीहून परतला तो उत्साहाने भरून. ‘सर, मी रानपिंगळा पाहिला!’ मी त्याला प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक मित्राकडे घेऊन गेलो. मित्राने विचारले, ‘डोक्यावर ठिपके होते का रे?’

‘ते पाहायचं सुचलं नाही, सर.’

‘छातीवर पट्टा?’

‘संध्याकाळ झाली होती.’

‘मग साधा पिंगळाही असू शकेल.’

पोराचा चेहरा उतरला. ‘म्हणजे मी खोटं बोलतो का?’

माझा मित्र हसला नाही. त्याने खुर्ची पुढे ओढून त्याला बसवले आणि म्हणाला, ‘अरे, तू पाहिलंस ह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. काय पाहिलंस एवढंच ठरायचं आहे. आणि ते तू आणि मी मिळून ठरवायचं.’ मग त्याने दोन्ही पिंगळ्यांची चित्रे काढून दाखवली आणि एक कोरी वही दिली. जागा, वेळ, उजेड, अंतर, काय दिसले आणि काय दिसले नाही, हे सारे तिथल्या तिथे लिहावयाचे. नाव सर्वांत शेवटी.

‘नाव सर्वांत शेवटी’ हे शब्द मला फार आवडले. आपण बहुतेक वेळा नाव आधी घालतो आणि खुणा मागून गोळा करतो. तोतयाच्या बाबतीत तेच झाले, आर्कान्सातही बहुधा तेच झाले असावे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विद्वानांच्या पिढ्यांनी महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती तयार केली. जे प्रक्षिप्त वाटले तेही फेकून न देता तळटीपांत जपून ठेवले. एकनाथांना ज्ञानेश्वरांविषयी भक्ती नव्हती असे कोण म्हणेल? भक्ती होती म्हणूनच खोटी ओवी खपली नाही. प्रेम असले की माणूस जास्त काटेकोर होतो, कमी नव्हे.

आणि पक्ष्याच्या बाबतीत हा काटेकोरपणा नुसता पोथीपुरता राहत नाही. रानपिंगळा आता ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या यादीतून २०१८ मध्ये ‘संकटग्रस्त’ ह्या यादीत आला आहे. म्हणजे एक पायरी बरी. तरी सारे मिळून प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. सागाची ती विरळ रानेच त्याचे घर. कोणते रान राखायचे, कोठे पहारा ठेवायचा, मोजका पैसा कोणत्या जंगलावर खर्चायचा, हे सारे शेवटी नोंदींवर ठरते. एक खोटी नोंद म्हणजे चुकीच्या रानावरचा पहारा. आणि खरी नोंद हसण्यावारी नेली तर बिनपहाऱ्याचे रान.

दिवाळीच्या दिवसांत हे लिहिताना आणखी एक गोष्ट मनात येते. घुबड हे लक्ष्मीचे वाहन. पण ह्याच दिवसांत देशात अनेक ठिकाणी जादूटोण्यासाठी घुबडे चोरून पकडली आणि विकली जातात. घुबडाचा बळी दिला की घरात धन येते, अशी काहींची दृढ श्रद्धा. तिच्यावर मात्र कोणी पुरावा मागत नाही! अमक्याला धन मिळाले हे कोणी पाहिले, केव्हा पाहिले, किती पाहिले, असे तेथे जो विचारील तो एखाद्या पिंगळ्याचा जीव वाचवील.

नंदुरबारचा तो मुलगा पुढच्या सुट्टीत वही घेऊन गेला. परत आला तेव्हा वहीत सतरा पिंगळे होते, सगळे ठिपकेवाले. प्रत्येकापुढे वेळ, झाड आणि अंतर लिहिलेले. शेवटच्या पानावर त्याने एक ओळ लिहिली होती: ‘रानपिंगळा दिसला नाही. तीन ठिकाणी अजून पाहायचे आहे.’ मित्राने ती वही आपल्या कपाटात संदर्भासाठी ठेवून घेतली.